वाढत्या अंगाचा शर्ट

लेकीनं दिवाळीला कॉर्डरॉयचं शर्टपीस दिलं, चांगलं जाडजूड, विटकरी रंगाचं. मी ते वाशीच्या बाजारातल्या आमच्या टेलरकडं घेऊन गेलो. त्यानं गळ्यातली टेप माझ्या छातीभोवती गुंडाळली आणि माझ्या तोंडून नेहमीचं वाक्य गेलं, "जरा सैलच ठेवा."

टेलरनं चष्म्यावरून बघितलं. "साहेब, अठ्ठावन्न वय झालं तुमचं. आता कुठं वाढणार?"

मला हसू आलं आणि जरा रागही आला. हे वाक्य मुळात माझं नव्हतंच, आईचं होतं. लहानपणी ती मला टेलरपुढं उभं करायची आणि मापं सुरू व्हायच्या आधीच सांगायची, "वाढत्या अंगाचं शिवा." आमच्याकडं सगळ्याच पोरांचे कपडे तसे शिवत. बाह्या बोटं झाकायच्या आणि खांद्याची शिवण दंडावर यायची. अंग शर्टात भरेपर्यंत शर्टच विरायचा, मग पुन्हा नवीन, पुन्हा वाढत्या अंगाचा. गळा मोठा असल्यानं शर्ट पुढं घसरायचा. आई जाता-येता कॉलर धरून तो मागं ओढायची. नोकरी लागली, लग्न झालं, तरी माझी सवय गेली नाही. मापातला शर्ट मी जन्मात घातलेला नव्हता, आणि खरं सांगतो, एकदा तरी घालायचा होता.

"हे कापड जाड हाय," टेलर म्हणाला. "सैल शिवलं तर पोतं दिसंल. पण एकदा मापात कापलं की मागं घेता येणार न्हाय. बोला."

मी म्हणालो, "अंगाबरोबर शिवा."

घरी आल्यावर आईला हे कसं सांगायचं, असा प्रश्न पडला. आई आता नव्वदीला टेकलीय, डोळ्यांनी फारसं दिसत नाही, पण कापड वाया गेलेलं तिला अजून खपत नाही. अंगाबरोबरचा कपडा म्हणजे तिच्या हिशेबी उधळपट्टी.

आठ दिवसांनी शर्ट मिळाला. टेलरनं कॉर्डरॉयची लव सगळीकडं एकाच दिशेनं घेतली होती, त्यामुळं पुढून-मागून रंग सारखा दिसत होता. शिवण बरोबर खांद्याच्या हाडावर आणि बाही मनगटाशी. आरशापुढं मी गरजेपेक्षा जास्त वेळ उभा राहिलो. बायको म्हणाली, "पुरे आता, नवरदेव."

मग आईजवळ जाऊन बसलो. तिनं हात फिरवला. कापडाच्या उभ्या रेघांवरून बोटं खांद्यापर्यंत गेली, शिवणीवर थांबली. मग तिनं बगलेखाली चिमटीत धरून बघितलं. चिमटीत फार काही येईना.

"वाढत्या अंगाचा न्हाय शिवलास?"

"न्हाय."

मी बोलणी खायच्या तयारीत होतो.

"बरं केलंस," ती म्हणाली. "तवा कापड पुरवायचं होतं रे. तुला बसंल असा एक तरी शर्ट शिवावा, असं लई वाटायचं मला."

सवयीनं तिनं हात माझ्या कॉलरकडं नेला, मागं ओढायला. ओढायला काही नव्हतं. हात मग तसाच माझ्या मानेवर राहिला.