बिनबहिणीचा मामा

आमच्या हिच्या मामाइतका खोटं बोलणारा माणूस निजामाच्या साऱ्या राज्यात दुसरा झाला नसेल. कचेरीत खोट्या साक्षी देणारे पुष्कळ होते, पण त्यांना त्याचं काहीतरी मिळायचं. हा माणूस फुकट खोटं बोलायचा, रोज बोलायचा, आणि उन्हातान्हात चार गल्ल्या तुडवून जाऊन बोलायचा. खोटं तरी किती, तर एकच. "ही माझी भाची." एवढंच. बीदरात किल्ल्याच्या दरवाजापासून ते पार मैलूरपर्यंत त्याच्या भाच्या राहायच्या. मराठ्याच्या होत्या, लिंगायताच्या होत्या, एक तर बिदरी भांडी घडवणाऱ्या मुसलमान कारागिराची बेवा होती, ती त्याला मामू म्हणायची. आणि मामाला बहीण नव्हती. सख्खी नव्हती, चुलत नव्हती, मानलेलीसुद्धा नव्हती.

आमची ही पण त्यातलीच एक, हे आधीच सांगून टाकतो. निर्णा गावी हिचा बाप वारला, चुलत्यांनी मायलेकींना घराबाहेर काढलं, तेव्हा दोघी एक गाठोडं घेऊन बीदरला आल्या आणि कुणीतरी त्यांना मामाकडं धाडलं. मामानं त्यांना आमच्या मागच्या खोलीत आणून बसवलं. माझा बाप तंबाखूचा व्यापारी, माणूस कडक. त्यानं विचारलं, "कोण म्हणायच्या ह्या?" मामा म्हणाला, "भाची. आन् ती भाचीची पोर." पुढं त्याच पोरीशी माझं लग्न झालं. आईचा मामा तोच लेकीचाही मामा, म्हणून लग्नात तिच्या मागं हाच उभा, डोळे पुसत. माझा बाप मरेपर्यंत त्याला सख्खा समजत होता आणि दर सणाला त्याच्या मानपानावरून कुरकुरत होता.

मामाचा धंदा कासाराचा. खांद्यावर बांगड्यांचे चुडे, तोंडात पान, घरोघर फिरायचं. पुरुषमाणसाला जिथं ओसरीच्या पुढं पाऊल टाकता येत नाही तिथं हा थेट माजघरात. त्यामुळं कुणाची कुठली खोली रिकामी आहे, हे घरमालकाच्या आधी ह्याला कळायचं. मालकाला तो कधी विचारायचाच नाही. मालकाला विचारलं की मालक म्हणतो, घरात विचारून सांगतो, मग पहिल्यांदा घरातच विचारलेलं काय वाईट? आणि विचारायची वेळही ह्याची ठरलेली. बाईचा हात हातात घ्यायचा, चार बांगड्या सरळ चढवायच्या, आणि पाचवी, सगळ्यात घट्ट, अंगठ्याच्या हाडाशी येऊन अडकली की म्हणायचं, "अक्का, तुमची ती परसाकडची खोली रिकामीच हाय न्हवं?" बाईचा जीव त्या बांगडीत. मागं ओढावं तर बांगडी फुटते, फुटली तर अपशकुन. ती म्हणायची, "व्हय, व्हय, पर आधी ही चढवा की!" मामा म्हणायचा, "चढवतो. माझी एक भाची हाय बगा..." खोलीचं ठरल्याशिवाय त्यानं पाचवी बांगडी कधी चढवली असेल असं मला वाटत नाही.

मी एकदा त्याला विचारलं, की मामा, बोलायचंच आहे तर दुसरं काही का नाही सांगत, चुलती सांगा, शेजारीण सांगा. तो माझ्याकडं असं बघत राहिला जसं मी काल जन्मलोय. "जावईबापू, बाप म्हणलं की आडनाव इचारतेत. भाऊ म्हणलं की वाटणीचं इचारतेत. नवरा म्हणलं की, कुठाय त्यो, म्हणतेत. मामाला कोन काय इचारायलंय?" हे मात्र खरं. कुणी फार चौकशी करायला लागलं, की कासाराची भाची लिंगायताच्या घरात कशी, तर मामा म्हणायचा, "दिली म्हंजे दिली," आणि पान चघळायला लागायचा. पान तोंडात असताना त्याला कुणी पुढचं विचारू शकलेलं नाही.

पण आपल्यात मामा होणं सोपं नाही. मामा म्हटलं की भाच्याचं जावळ मामाच्या मांडीवर काढायचं. आता इतक्या भाच्या, त्यांना पोरं. मामाची मांडी कधी मोकळी राहायची नाही. सकाळी एका घरी जावळ, दुपारी दुसऱ्या घरी कान टोचणं, आणि लग्नसराईत तर विचारू नका. एकाच मुहूर्ताला दोन लग्नं लागली तेव्हा हा माणूस एका मांडवात अर्धी मंगलाष्टकं उभा राहून दुसऱ्या मांडवात उरलेली ऐकायला धावला. त्याचं धोतर बघाल तर लहान लेकरांच्या केसांनी भरलेलं, आणि त्यावर कधी एखाद्या बाळानं केलेलं ओलं. बांगड्या विकून जे मिळायचं ते भाच्यांच्या खणाला जायचं. बिदरी कारागिराच्या बेवेनं पोरगा निकाहाला उभा केला, तेव्हा तिथंसुद्धा हा शेरवानीवाल्यांत धोतर नेसून बसला होता.

आता बीदरातली एकूण एक घरवाली ज्याला नाही म्हणू शकत नव्हती, त्याला रोज उठता-बसता नाही म्हणणारी एकच बाई होती. मामी. घर मामाचं म्हणजे मामीचं. दोन खोल्या, अंगण, अंगणात शेळी. एका खोलीत दोघं राहायची, दुसरीत मामीच्या मिरच्या. मामी वाळवलेल्या मिरच्यांचा बारीकसा व्यापार करायची, आणि त्या खोलीचं दार उघडलं की सारी गल्ली शिंकायची. ती खोली कुणाला द्यायची गोष्ट काढायची मामाची छाती नव्हती. बांगडीचा उपायही चालेना, कारण मामी बांगड्या दुसऱ्या कासाराकडून भरायची. म्हणायची, "घरच्या कासाराशी घासाघीस करता येत न्हाई. मंग बांगडी भरून मजा काय?"

तर ते चन्नाक्काचं झालं. चन्नाक्का राजेश्वर गावची, पोक्त बाई, नवरा नाही, मूल नाही, सोबत एक भाऊ. बसण्णा त्याचं नाव. अंगानं पैलवान, पण अक्कल पाच वर्षांच्या लेकराची. कुणाला बोट लावणार नाही, पण एक खोड. बांधलेलं जनावर त्याला बघवायचं नाही. बैल असो, म्हैस असो, दावं दिसलं की सोडलं. ह्याचं कारण चन्नाक्कानं आमच्या हिला सांगितलं होतं. आई-बाप गेल्यावर दोघं राजेश्वरला मामाच्या घरी होती, त्यांच्या खऱ्याखुऱ्या सख्ख्या मामाच्या, आणि तो मामा बसण्णाला गोठ्यात खुंटाला बांधून शेतावर जायचा. म्हणून ती त्याला घेऊन रातोरात निघाली होती.

अशा माणसाला आमच्या मामानं कुठं जागा मिळवून द्यावी? मैलूरला, टांगेवाल्या चाचाच्या आवारात. जिथं टांग्याची घोडी टांग्यातून सुटली की दारातच बांधलेली. मी म्हटलं, "मामा, कुठं बी बघायचं होतं, तबेलाच सापडला का?" तर म्हणाला, "खोली चांगली हाय. चाचाची बायको मायाळू हाय. घोड्याचं बगू."

घोड्याचं काय बघणार? चाचा बिचारा भला माणूस. बसण्णानं पहिल्यांदा घोडी सोडली तेव्हा तो हसला. दुसऱ्यांदा गप्प बसला. तिसऱ्या खेपेला घोडी नाल्यात उतरली आणि लंगडत परत आली. मी तिथंच होतो, तिला धरायला मीच धावलो होतो. घोडी लंगडली म्हणजे चाचाचा टांगा बंद, टांगा बंद म्हणजे चूल बंद. त्यानं मामाला बोलावून घेतलं. रागानं नाही, हात जोडून बोलला.

"मामू, बुरा नक्को मानो. ये भांजाच है ना तुम्हारा?"

"हौ," मामा म्हणाला.

"और तुम्हारा घर है, खुद का. दो कमरे का. तो मामू के जीते जी भांजा पराये के घर कायकू?"

मामानं पान काढलं, पण तोंडात घातलं नाही. सगळं बीदर ज्याला मामा म्हणत होतं त्याला पहिल्यांदा कुणीतरी खरंच मामा धरलं होतं. चन्नाक्का दारात उभी होती. ती चाचाला म्हणाली, "असू द्या अण्णा. आमी राजेश्वरला जातो." बसण्णानं राजेश्वर हे नाव ऐकलं आणि तो तिच्या पाठीमागं जाऊन खाली बसला. एवढा थोरला गडी.

मामा म्हणाला, "चला."

वाटेत आमची हीही येऊन मिळाली आणि आम्ही सगळे त्याच्या दाराशी आलो. मामी अंगणात बसून मिरच्यांची देठं खुडत होती. आणि हा माणूस सवयीप्रमाणं स्वतःच्याच उंबऱ्याबाहेर उभा राहून म्हणतो, "अक्का, जरा पाणी मिळंल का?"

मामीनं मान वर केली. "अक्का? उनात डोस्कं फिरलं का तुमचं? घागर तितंच हाय, जितं सकाळी व्हती."

"ही माझी भाची," मामा म्हणाला, "आन् ह्यो तिचा..."

"कुन्या बहिणीची?"

मामा पान चाचपायला लागला.

"बोला की. कुन्या बहिणीची भाची? तुमच्या आईला शेवटपतूर मी पेज पाजली. तिनं एकच नग काढला, आन् त्योबी असा निघाला, म्हनून रडायची बिचारी. ह्या बहिणी कवा झाल्या तुमाला?"

मला हसू येत होतं, पण हिनं माझ्या दंडाला चिमटा घेतला. मामा उंबऱ्यावर खाली बसला. एकाएकी म्हातारा दिसायला लागला.

"कुनाची न्हाई," तो म्हणाला. "माझी कुनी न्हाई ती. गावाकडं ह्या पोराला गोठ्यात बांधतेत. तू न्हाई म्हणलीस तर तितंच जायलेत."

मामीनं हातातली मिरची खाली ठेवली. तिनं बसण्णाकडं बघितलं. बसण्णाचं कुणाकडं लक्ष नव्हतं. तो शेळीजवळ बसून दावं सोडायला लागला होता, आणि वर झालेल्या बाहीखालून त्याची मनगटं दिसत होती, काळी पडलेली, घट्टे पडलेली. शेळी सुटली आणि थेट मिरच्यांच्या ढिगात शिरली आणि शिंकायला लागली. शेळी शिंकते हे मी जन्मात पहिल्यांदा बघितलं.

मामी उठली. पदर खोचला. म्हणाली, "मिरच्या कुटं ठिवू मंग? तुमच्या डोस्क्यावर?"

मिरच्या माळ्यावर गेल्या. मामा मात्र दोन दिवस आजारी माणसासारखा दिसत होता. खरं बोलायची सवय नसल्यानं असेल. शेळी बांधायचा मामीनं आठवडाभर प्रयत्न केला आणि शेवटी तो नाद सोडून अंगणाला बाभळीच्या काट्यांचं कुंपण घातलं. शेळीनं मामाचं एक धोतर खाल्लं, एक चुडा फोडला. मामी म्हणायची, "खाऊ दे. तुमाला बी मी असंच मोकळं सोडलंय."

मामा त्याच घरात शेवटचं पाणी बसण्णाच्या हातचं पिऊन गेला. ते बरं झालं, कारण पुढच्याच साली मुलखात गडबड सुरू झाली, माणसं घरं टाकून पळाली, आणि कोण कुणाचं हे विचारायला लोक हातात काठ्या घेऊन यायला लागले. त्या दिवसांत त्याचं काय झालं असतं, देव जाणे. फार तर पान चघळत बसला असता.

एक सांगायचं राहिलं. मिरच्या हलवल्या त्यानंतर महिन्याभरानं असेल, मी आणि ही मामीकडं गेलो होतो. खोली लखलखीत सारवलेली, पण चन्नाक्काचं गाठोडं कोपऱ्यात तसंच बांधलेलं. लागेल तेव्हा गाठ सोडायची, तांब्या काढायचा, परत घट्ट बांधायची. ही म्हणाली, "अक्का, कोनाडा रिकामा हाय की."

"असू दे," चन्नाक्का म्हणाली. "उचलायला बरं पडतंय."

ही खाली बसली आणि स्वतःच्या हातानं गाठ सोडून एकेक जिन्नस मांडायला लागली. तांब्या, तवा, दिवा, बसण्णाची बंडी. चन्नाक्का भिंतीकडं तोंड करून उभी राहिली. मामी चुलीपाशी उगीच फुंकणी फुंकत बसली, चूल पेटलेली असताना.

परत येताना वाटेत मी हिला सहज विचारलं, "तुमचं गाठोडं कधी सोडलं होतं गं?"

"लगीन झाल्यावर बी लई दिस न्हाई," ही म्हणाली. "तुमच्याच माळ्यावर व्हतं. भुश्याच्या पोत्यामागं. तुमाला दिसलं न्हाई."

मग ते सोडावंसं कधी वाटलं, कशावरून वाटलं, हे मला विचारायचं होतं. पण तोवर घर आलं, भाकरी थापायची वेळ झाली होती, ती आत गेली. नंतर पोरंबाळं झाली, संसार झाला, रोजच्या बोलण्यात ते मागंच पडत गेलं. गेल्या फाल्गुनात ही गेली. आता माळ्याकडं बघतो आणि माझं मीच काहीतरी उत्तर ठरवतो, रोज वेगळं.