गेजवाल्यांची फटफटी

कोणतेही घड्याळ समोर आले की आमचे शेजारी आधी वाकवलेल्या बोटाने त्याच्या काचेवर टकटक करीत, कान जवळ नेत आणि हळूच म्हणत, "खरं बोल, बाबा."

आमच्या भिंतीवरच्या घड्याळाला त्यांनी हे पहिल्यांदा सांगितले तेव्हा मला गंमत वाटली. पुढे त्यांनी ते वखारीतल्या वजनकाट्याला सांगितले, स्टेशनावरच्या मोठ्या घड्याळाखाली उभे राहून सांगितले. एकदा ताप भरून अंथरुणावर पडले होते, तर डॉक्टरांच्या हातातल्या थर्मामीटरकडे बोट दाखवून विचारू लागले, "ही नळी शेवटची कुणी तपासली?" डॉक्टर म्हणाले, "अहो, तुम्ही फणफणला आहात. ते मला तुमच्या तोंडाकडे बघूनच कळतंय." यावर ते म्हणाले, "मग नळी लावलीत कशाला?"

तुमच्याही शेजारात असा एखादा माणूस असेल. चांगला, सरळ, कोणाच्या अध्यात ना मध्यात. आणि तरीही ज्याच्यापायी भिंतीवर डोके आपटून घ्यावेसे वाटते. आमच्या शेजाऱ्यांना जाऊन आता वर्ष होईल. त्यांच्याविषयी लिहायला मी बऱ्याचदा बसलो आणि उठलो. दर वेळी दुःखाच्या आधी चीडच वर येते. आज ती येऊ द्यायची असे ठरवले आहे.

ते इगतपुरीच्या लोको शेडमध्ये होते. घाट चढणाऱ्या इंजिनांत वाफेचा दाब दाखवणारी जी तबकडी असते, तिला तिकडे गेज म्हणतात. ती तपासायची, दुरुस्त करायची आणि शिशाचे सील लावून परत बसवायची, हे त्यांचे आयुष्यभराचे काम. पेन्शन घेऊन ते नाशकात आले आणि आग्रा रोडच्या अंगाला, आमच्या भिंतीला भिंत लावून राहू लागले. गल्लीने त्यांचे नाव गेजवाले असे ठेवून दिले. त्यांचे एक वाक्य गल्लीतल्या सगळ्यांना पाठ होते. "काटा नसला तर माणूस जपून चालतो. काटा खोटा असला तर माणूस भरवशाने मरतो."

फटफटी त्यांनी देवळालीच्या छावणीतून आणली. एक गोरा अधिकारी विलायतेला परत निघाला होता, त्याची ती. महायुद्धाच्या वेळची, बाजूला माणूस बसवायची डबी जोडलेली. ती गल्लीत आली तेव्हा सगळी गल्ली दारात उभी होती. वहिनींनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, फटफटीला हळदकुंकू लावले, नारळ फोडला आणि त्याच संध्याकाळी माहेरी निरोप धाडला की, पुढच्या खेपेला मी फटफटीतून येते. माहेर घोटीजवळचे, भाताची शेती, ती भाऊ बघे. आई कधीच गेलेली. वडील होते, म्हातारे, आणि या एका लेकीवर त्यांचा फार जीव.

फटफटी चालत होती. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो. इंजिन चालत होते, ब्रेक लागत होते, दिवा पेटत होता. वेग दाखवणारी तबकडी मात्र खराब होती. काच तडकलेली, काटा वाकलेला, आकडे उन्हाने उडालेले. कोणीही दुसरा माणूस म्हणाला असता, असू दे, आपल्याला कुठे शर्यत लावायची आहे! गेजवाल्यांनी टाकीवरून ती तबकडी उतरवली, घरात नेली, पांढरे धोतर अंथरून त्यावर तिचे सगळे अवयव मांडले आणि आम्हा सर्वांचा छळ सुरू झाला.

पितळी कडे त्यांनी चिंचेने आणि राखेने घासले. वहिनींची आमटीची चिंच त्यात गेली. नवी काच चष्म्याची भिंगे कापणाऱ्याकडून तीनदा कापून घेतली. उडालेले आकडे एका बारीक कुंचल्याने पुन्हा लिहिले. श्वास रोखून एक आकडा लिहायचा आणि तो वाळेपर्यंत खोलीत कोणाला पंखाही हलवू द्यायचा नाही. काम सुंदर झाले, यात शंका नाही. तबकडी बसवल्यावर त्यांनी वीसच्या आकड्यावर एक तांबडी रेघ ओढली. इंजिनाच्या गेजवर अशी रेघ असते. तिच्यापुढे काटा जाऊ द्यायचा नाही. मी म्हटले, "अहो, ही वाफेची तबकडी नाही. वेग वाढला तर ही फटफटी काही फुटणार नाही."

"रेघ नसलेली गेज मी उभ्या जन्मात बाहेर सोडली नाही, मास्तर."

मग तपासणी. आग्रा रोडवर मैलाचे दगड आहेत. ताशी वीस मैलांच्या वेगाने गेले तर एका दगडापासून दुसऱ्यापर्यंत तीन मिनिटे लागायला हवीत. शाळा सुटली की ते मला घड्याळ घेऊन मागे बसवीत आणि नाशकाजवळच्या पाथर्डीच्या बाजूला नेत. काटा वीसवर ठेवून ते चालवीत आणि दगड आला की मी मिनिटे सांगे. तीन कधीच भरत नसत. दगड आधीच येई. म्हणजे काटा कमी सांगत होता. ते तिथेच फटफटी थांबवीत, काचेवर टकटक करीत आणि खिन्नपणे म्हणत, "खोटं बोलतोय."

घरी आल्यावर पुन्हा धोतर अंथरले जाई. आतली केसासारखी कमान, म्हणजे बारीक स्प्रिंग, ते जराशी सैल करीत, की काटा बरोबर येई. पण त्या तबकडीत खाली मैल मोजणारे आकडेही होते, ते दगडांच्या मागे पडत. "एकच यंत्र, आणि दोन तोंडांनी बोलतंय," ते म्हणत. "असलं सील करून कसं देऊ?" पुन्हा उघडणे. पुन्हा आग्रा रोड.

कोणाला द्यायचे होते सील करून? घरचीच फटफटी. पण हे त्यांना सांगून उपयोग नव्हता.

वहिनी एकदा म्हणाल्या, "अहो, तपासायला जाताच हाय, तर मला डबीत बसवा अन् तसंच पुढं घोटीला चला."

"तपासणीच्या गाडीत सवारी घेत नाहीत."

"मास्तर सवारी नायत काय?"

"ते तपासनीस आहेत."

वहिनींनी माझ्याकडे असे पाहिले की मला घड्याळ खिशात लपवावेसे वाटले. त्या दिवसापासून त्यांनी डबीवर कुरडया वाळत घालायला सुरुवात केली. तपासणीला निघायचे म्हणजे आधी कुरडया उचला. हा त्यांचा एवढाच निषेध.

आता एक गोष्ट इथेच सांगून टाकतो, कारण आम्ही ज्या अंधारात तो सगळा काळ काढला त्यात तुम्हाला ठेवण्यात अर्थ नाही. ते गेल्यानंतर वहिनींनी फटफटी देवळालीच्या एका मेकॅनिकला दिली. त्याने पुढचे चाक पाहिले आणि म्हणाला, "टायर मूळचा नाही. मोठा बसवलाय. चाक मोठं झालं की फेरे कमी होतात, काटा कमी दाखवतो, मैलही कमी पडतात." त्या गोऱ्याला मापाचा टायर मिळाला नसेल, मिळाला तो त्याने बसवला असेल. गेजवाल्यांनी तबकडीतला एकेक दाता भिंगाखाली पाहिला होता. चाकाकडे त्यांची नजर गेली नाही. शेडमध्ये चाकाचे खाते वेगळे, गेजचे वेगळे. दुसऱ्याच्या खात्यात त्यांनी कधी नाक खुपसले नव्हते.

वहिनी मग म्हणाल्या, "म्हणजे काटा बिचारा खरंच बोलत व्हता?"

एका दिवाळीनंतर वहिनींचे वडील स्वतःच आगगाडीने आले. नव्या तांदळाचे गाठोडे, हातात काठी, पाठीला बाक. त्यांनी गाठोडे ओसरीवर ठेवले, पाणीही घेतले नाही आणि सरळ अंगणात जाऊन डबीत बसले. कुरडया उचलायला वहिनींना जेमतेम वेळ मिळाला.

"जावईबापू, चला. समद्या गावाला सांगून बसलोय, लेक फटफटीतनं येणार म्हून. आता पोरंसोरं इचारत्यात, आजा, कवा येणार? मी काय सांगू?"

"मामा, काटा अजून जुळला नाही."

"मला कुठं काटा वाचता येतो? मला खोटं सांगितलं तरी चालंल."

"तुम्हाला चालेल हो. मला नाही चालत."

म्हातारा हसला. लेकीच्या हातचे जेवला, दोन दिवस राहिला आणि टांग्याने स्टेशनावर गेला. मी त्या दिवशी गेजवाल्यांशी भांडलो. शिकवण्याचा धंदा असल्यामुळे मला लांबलचक भांडता येते. त्यांनी सगळे ऐकून घेतले. शेवटी म्हणाले, "मास्तर, शेडमध्ये एकदा घाईचं इंजिन होतं. गेज जरा चुकत होती. वरून हुकूम आला, जाऊ दे. मी जाऊ दिलं. फायरमन भाजला. माझ्याच वयाचा होता." ते बोटाने हवेतच टकटक केल्यासारखे करून आत गेले. तेव्हा माझी चीड गेली असे मी म्हणणार नाही. फक्त ती कुठे ठेवावी हे कळेना.

त्यानंतरच्या माघात, रविवारी सकाळी, घोटीकडचा एक माणूस वहिनींच्या दारात उभा राहिला. रात्री म्हातारबाबा गेले. उन्हे चढायच्या आत उचलायचे ठरले आहे. सर्व्हिस मोटार निघून गेली होती आणि घोटीकडे जाणारी आगगाडी थेट दुपारनंतर.

वहिनी रडल्या नाहीत. पदर खोचून अंगणात गेल्या, डबीवरच्या कुरडया कापडासकट जमिनीवर ठेवल्या आणि आत बसल्या.

"काढा," त्या म्हणाल्या. "मला बाबांचं तोंड बघायचंय."

तबकडी घरात धोतरावर उघडी पडली होती. टाकीवर तिच्या जागी नुसते भोक, चिंधी कोंबलेले. गेजवाले त्या भोकाकडे पाहत उभे राहिले. मला वाटले, आता हा माणूस नाही म्हणतो. आणि म्हणाला, तर मी याच्याशी जन्मात बोलणार नाही.

"काटा..." ते म्हणाले.

"काटा घाला चुलीत!"

त्यांनी माझ्याकडे पाहिले. "मास्तर, घड्याळ आणा. वीसच्या वर गेलो तर ओरडा. तीन मिनिटांच्या आत दगड आला की लगेच."

मी मागे बसलो. विल्होळीपर्यंत त्यांनी फटफटी अशी नेली की सायकलवाल्याने आम्हाला मागे टाकले. बैलगाडी दिसली की थांबत. वहिनी डबीच्या कडा धरून समोर पाहत होत्या. ऊन चढत होते. पुढचा रस्ता मोकळा लागला. वेग जरा वाढला आणि दगड तीन मिनिटांच्या बराच आधी आला.

"किती?" ते ओरडले.

"तीन!" मी ओरडलो.

पुढचा दगड त्याहून आधी आला. "किती?"

"तीन!"

वाडीवऱ्ह्याच्या पुढे वाऱ्याने माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होते आणि घड्याळ धड दिसतही नव्हते. दोन मिनिटे होतात न होतात तोच दगड मागे गेला. त्यांनी मान किंचित वळवली. ज्या माणसाला कमानीतला केसाएवढा फरक बोटाला कळे, त्याला खालची जमीन कशी पळते आहे हे कळत नव्हते असे तुम्हाला वाटते का?

"मास्तर, घड्याळ नीट बघताय ना?"

"बघतोय. तीनच आहेत."

त्यांनी हँडलची मूठ आणखी पिळली. त्यानंतर त्यांनी मला एकदाही विचारले नाही.

गावाजवळ पोचलो तेव्हा तिरडी वेशीबाहेर निघाली होती. पुढे वहिनींचा भाऊ, हातात विस्तवाचे मडके. आम्ही अजून लांब होतो, पण आवाज पुढे पोचला असावा. खांदेकरी थबकलेले दिसले. मग कोणीतरी हात वर केला आणि विसाव्याची जागा यायच्या आधीच, रस्त्याच्या कडेला आंब्याखाली, त्यांनी तिरडी खाली ठेवली. त्या बाजूला दुसऱ्या कोणाची फटफटी येणार होती?

वहिनी फटफटी पुरती थांबायच्या आत उतरल्या आणि धावल्या. लोकांनी वाट दिली. एकाने वाकून म्हाताऱ्याच्या तोंडावरचे वस्त्र बाजूला केले.

गेजवाले इंजिन बंद करायला वाकले, तोच वहिनींचा भाऊ तिथूनच ओरडला, "दाजी, बंद नका करू! वाजू द्या. लय वाट पाहिली हिची बाबांनी."

त्यांनी हात मागे घेतला. ते खाली उतरले आणि एका हाताने मूठ धरून तिथेच उभे राहिले. इंजिन धडधडत होते, धूर आंब्याच्या बुंध्यापर्यंत जात होता, पोरे जवळ येऊन भीत भीत पाहत होती. त्यांचे लक्ष ना धुराकडे, ना पोरांकडे, ना टाकीवरच्या भोकाकडे. ते वहिनींच्या वाकलेल्या पाठीकडे पाहत होते आणि त्यांचे ओठ हलत होते. आवाजात मला शब्द कळले नाहीत.

बऱ्याच वेळाने वहिनी उठल्या. पदराने तोंड पुसले आणि वळून त्यांच्याकडे पाहिले.

"झालं," त्या म्हणाल्या. "करा आता बंद."

त्यांनी बंद केले. मग लोकांनी तिरडी उचलली.