निजलेल्या बाईचा पॉडकास्ट

घोडपदेवच्या त्या चाळीत, दुसऱ्या मजल्याच्या सामाईक गॅलरीत, कानात इयरफोन घालून बसणं म्हणजे चारचौघांकडे पाठ करून बसणंच. सुशांत घाडीगावकरने एकदा तसं करून पाहिलं होतं. त्याच्या वडिलांनी, लवूआबांनी, दोन-तीन हाका मारल्या आणि उत्तर येईना तेव्हा हातातल्या वर्तमानपत्राची गुंडाळी करून त्याच्या गुडघ्यावर आपटली.

"कानात बोळे घालून बसलंस तर माणसान हाक खंय मारूची?"

त्या दिवसापासून सुशांत जे ऐकायचं ते मोठ्याने ऐकू लागला, आणि मजल्यावरची सगळी बिऱ्हाडं मार्केटिंग शिकू लागली.

खरं तर मार्केटिंग हे सुशांतचंही काम नव्हतं. तो अगरबत्तीच्या एका कंपनीचा विक्रेता. तरुणपणापासून खांद्याला नमुन्यांची बॅग अडकवून तो दुकानांच्या पायऱ्या चढत-उतरत आला होता. चंदन, मोगरा आणि धूप यांचा वास त्याच्या शर्टात असा मुरला होता की कितीही धुतला तरी जात नसे. "तू जिना चढायला लागलास की देवघरच वर येतंय असं वाटतं," असं त्याची बायको मेघना म्हणायची. चाळिशी उलटल्यावर कंपनीने त्याला परळच्या ऑफिसात, मार्केटिंग विभागात बसवलं, पण तात्पुरतं. जमलं तर तिथेच कायम, नाही जमलं तर इंदूरचा डेपो. तिकडे एका सुपरवायझरची जागा रिकामीच होती.

इंदूर काही वाईट गाव नव्हे. पण मेघना भायखळ्याच्या बालवाडीत शिकवत होती, मुलगी श्रेया आठवीत होती, आणि आबांना घोडपदेवमधून उठवून दुसरीकडे नेणं कोणालाच शक्य नव्हतं. आबा वर्षातून एकदा कणकवलीजवळच्या गावी जात, तर तिथूनही दर दोन दिवसांनी फोन करून गॅलरीत कोण कोण बसलंय ते विचारत. म्हणजे इंदूरला जायचं तर सुशांतने एकट्यानेच जायचं, हे घरात न बोलता ठरलेलं होतं. आणि तेच त्याला नको होतं.

परळच्या ऑफिसात सगळी पंचविशीतली मुलं. चहाच्या यंत्रापाशी ती एकमेकांना विचारत, "काय ऐकलंस या आठवड्यात?" उत्तरात पॉडकास्टची नावं यायची. कोणी सांगायचं, मी दीडपट वेगाने ऐकतो. दुसरा म्हणायचा, मी दुप्पट. सुशांत कप धरून हसरा चेहरा ठेवायचा. मग त्यानेही ऐकायला सुरुवात केली. 'बात बिक गई' नावाचा एक हिंदी पॉडकास्ट होता; त्यात दोन मित्र जाहिरातींची चिरफाड करत आणि स्वतःच खो खो हसत. गॅलरीला तो लगेच आवडला. 'दुकानाची पायरी' हा मराठी. सांगलीकडचे एक म्हातारे घाऊक व्यापारी त्यात गिऱ्हाइकांच्या तऱ्हा सांगायचे. त्यांचं बोलणं सुरू झालं की आबा आपला रेडिओ बंद करून खुर्ची जवळ ओढत.

अडला तो इंग्रजीपाशी. विभागप्रमुख किर्ती मॅडमनी सुचवलेला 'कम बॅक टुमॉरो' एक इंग्रज बाई चालवत होत्या. गिऱ्हाईक त्याच दुकानात पुन्हा का येतं, हा त्यांचा विषय. सुशांत मराठी शाळेतला; बाईंचं बोलणं त्याच्या डोक्यावरून सुसाट निघून जाई. शेवटी श्रेयाने मोबाईल हातात घेतला.

"बाबा, वेग कमी करता येतो. हे बघ, निम्मा केला."

निम्म्या वेगावर त्या बाईंचा आवाज जड, ओढल्यासारखा झाला. दुपारी भरपेट जेवून आडवी झालेली बाई कोणीतरी उठवून माईकसमोर बसवावी तसा. शेजारचे कुशाबा जगताप, मूळचे साताऱ्याचे, थोडा वेळ ऐकून म्हणाले, "हिला बरं नाही का रे?"

"बरी आहे काका. मीच हळू केलीय."

"मग झोपू दे की बिचारीला!"

तेव्हापासून त्या 'निजलेली बाई' झाल्या. रोज संध्याकाळी कोणी ना कोणी विचारायचंच, "काय रे, आज निजलेली बाई नाही?" सुशांत मात्र तिच्यावर मनापासून लुब्ध झाला. ती म्हणे, माल कसा आहे ते दुकानदाराला सांगत बसू नका. उद्या तो मिळालाच नाही तर त्याला काय चुकल्यासारखं वाटेल, ते विचारा. सुशांतने एका दुकानात विचारून पाहिलं. दुकानदार म्हणाला, "सकाळी शटर उघडल्यावर तुमचा धूप लावतो ना, तेव्हा दुकान चालू झाल्यासारखं वाटतं." इतक्या वर्षांत हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं, कारण त्याने विचारलंच नव्हतं.

आणखी एक गोष्ट त्याच्या मनात भरली. बाई महत्त्वाचं वाक्य बोलून थांबत. चांगल्याच थांबत. मोठ्या वक्त्याची हीच खूण असणार, असं सुशांतने ठरवून टाकलं. वेग निम्मा केला की मधलं थांबणंही दुप्पट होतं, हे काही त्याच्या ध्यानात आलं नाही.

कंपनीत महिन्याच्या एका शनिवारी गावोगावच्या विक्रेत्यांची ऑनलाइन बैठक भरे आणि तिच्यात एकजण आपल्या आवडीचे पॉडकास्ट इतरांना सुचवी. या वेळी किर्ती मॅडमनी सुशांतचं नाव घेतलं. "यावरच सगळं ठरेल असं नाही," त्या म्हणाल्या, "पण इंदूरला सोमवारी उत्तर द्यायचंय. तेव्हा नीट करा, सुशांत."

तालीम अर्थातच गॅलरीत. सुशांत कठड्याला टेकून उभा राहिला आणि म्हणाला, "दुकानदाराला आधी बोलू द्या." मग निजलेल्या बाईसारखा थांबला.

"व्हय म्हाराजा!" आबांनी आवाज दिला.

त्यांचा तरी काय दोष? कोकणात गाऱ्हाणं घालताना एकजण देवापुढे उभा राहून सगळ्यांसाठी मागणं मागतो, प्रत्येक मागण्यानंतर थांबतो, आणि जमलेले सगळे 'व्हय म्हाराजा' म्हणून त्याला साथ देतात. घाडीगावकरांच्या घरात हे पिढ्यान् पिढ्या चालत आलेलं. चाळीच्या गणपतीपुढे गाऱ्हाणं आबाच घालत. एखादा माणूस चौघांच्या भल्याचं बोलून थांबला आणि आपण गप्प राहिलो, तर ते मागणं अधांतरी लटकतं, अशी त्यांची पक्की समजूत.

"आबा, हे ऑफिसचं आहे!"

"मग थांबलंस कित्याक?"

दुसऱ्या वाक्यानंतर कुशाबाही आबांना सामील झाले. तिसऱ्या वाक्याला समोरच्या खोलीतून कुकरच्या शिटीवर ताण करणारा बायकी 'व्हय म्हाराजा' आला. सुशांत वैतागला. शुक्रवारी त्याने हात जोडून सगळ्यांना सांगितलं, "उद्या एक शब्द नको. माझी इथली नोकरी आहे त्यात."

शनिवारी ऑफिसला सुट्टी, त्यामुळे बैठक घरूनच. मेघनाने कुकर लावला नाही. श्रेयाने पंखाही बंद केला. गॅलरीत सगळे जमले होते, पण चाळीत दहावीच्या निकालाच्या दिवशीही नसते इतकी शांतता. आबा उंबरठ्याशी स्टुलावर ओठ घट्ट मिटून बसले.

लॅपटॉपवर काळे चौकोन उमटले. बहुतेकांनी कॅमेरा बंद ठेवलेला, माईकही बंद.

"नमस्कार. मी आज तुम्हाला तीन पॉडकास्ट सुचवणार आहे," सुशांत म्हणाला. आणि थांबला.

एकही चौकोन हलला नाही.

"सुशांत, नेटवर्क गेलं का?" किर्ती मॅडमचा आवाज आला.

"नाही मॅडम, आहे. पहिला म्हणजे 'दुकानाची पायरी'. हा ऐकताना आपण किती बोलतो ते कळतं." पुन्हा थांबला.

"हँग झालाय बहुतेक," नागपूरचा कोणीतरी माईक चालू असल्याचं विसरून म्हणाला. "मी चहा घेऊन येतो."

सुशांत पाठ केलेलं आठवू लागला. तिसरं वाक्य काय होतं? त्याच्या डोळ्यांपुढे एकच चित्र उभं राहिलं: इंदूरच्या डेपोतली एक कॉट आणि व्हिडिओ कॉलवर आबांचं अर्धं कपाळ. आता तो थांबला नव्हता, अडकला होता. मेघनाने पदराचं टोक मुठीत आवळलं.

आणि आबांना ते सोसलं नाही. आपल्या मुलाचं बोलणं असं अधांतरी लटकलेलं बघून त्यांच्या तोंडून आपोआपच खणखणीत निघालं, "व्हय म्हाराजा!"

सुशांतने डोळे मिटून घेतले. मग कुडाळचा चौकोन उजळला. तिथला रघु राणे, चार जिल्ह्यांत मोठ्या आवाजासाठी प्रसिद्ध असलेला विक्रेता, खुर्चीत सरसावून म्हणाला, "व्हय म्हाराजा! घाडीगावकरानु, फुडे बोला!" पाठोपाठ रत्नागिरी हसत सामील झाली. चहाला गेलेले नागपूरकर परत येऊन विचारू लागले, "काय झालं? काय झालं?"

सुशांतला हसू आलं, आणि हसू आल्यावर आवाजही आला. त्याने पाठ केलेलं भाषण सोडून दिलं. गॅलरीत बसून बोलावं तसा तो बोलत गेला. दिवस वाईट गेला असेल तर 'बात बिक गई' ऐका, हसाल आणि दोन गोष्टी शिकाल. दुकानदार उभं करत नसेल तर 'दुकानाची पायरी'. आणि इंग्रजीची भीती वाटत असेल तर 'कम बॅक टुमॉरो'. "पण वेग कमी करून," तो म्हणाला, "मी निम्म्यावर ऐकतो. लाजायचं काय त्यात? दुप्पट वेगाने ऐकून विसरण्यापेक्षा निम्म्याने ऐकून एक गोष्ट करून बघितलेली बरी." मग त्याने धूपवाल्या दुकानदाराची हकिगत सांगितली. या वेळी तो थांबला तेव्हा साथ कुडाळपासून नागपूरपर्यंत सगळीकडून आली.

बैठक संपल्यावर मात्र त्याचं अवसान गेलं. "तमाशा केला आपण," तो मेघनाला म्हणाला. "मॅडम शेवटी काहीच बोलल्या नाहीत."

आबा दोषी चेहऱ्याने बसून होते. रविवारी सकाळी आंघोळ करून ते देव्हाऱ्यासमोर उभे राहिले आणि त्यांनी खरंच गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, ह्या झिलाक इंदूराक धाडूचा जा काय कोणाच्या मनात इला आसात, ता फिरव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" दारातून कुशाबा.

"आनी त्या निजलेल्या बायेक पुरती झोप लागांदे रे म्हाराजा!"

त्याला मात्र साथ द्यायला कोणी उरलं नाही. सगळे हसत सुटले होते, सुशांतसुद्धा.

सोमवारी किर्ती मॅडमनी त्याला केबिनमध्ये बोलावलं.

"आपण हा कार्यक्रम दोन वर्षं चालवतोय," त्या म्हणाल्या. "पॉडकास्ट सुचवले जातात, सगळे 'नाइस' लिहितात, आणि माझ्या माहितीप्रमाणे आजवर एकानेही ऐकलेला नाही. काल रविवारी मला रघुचा फोन. त्याने तुमच्या त्या बाई ऐकल्या. रत्नागिरीच्या दोघांनी ऐकल्या. नागपूरवाल्याने तर आज दुकानात जाऊन तो प्रश्न विचारलासुद्धा." त्या हसल्या. "इंदूरला मी दुसरं नाव कळवलंय. तुम्ही इथेच राहा आणि हे दर महिन्याला करा. फक्त एक सांगू? इतकं थांबू नका हो. माझा जीव गेला होता."

"बाई थांबतात ना मॅडम."

"कुठे थांबतात? तुम्ही निम्म्यावर ऐकता!"

सुशांतच्या डोक्यात तेव्हा कुठे उजेड पडला.

संध्याकाळी बातमी सांगून झाली, पेढे वाटून झाले, आबांचा शेवटच्या पेढ्यावरून कुशाबांशी वाद घालून झाला. मग सुशांत म्हणाला, "आता बाई खऱ्या कशा बोलतात ते ऐका," आणि त्याने वेग पुरा केला.

मोबाईलमधून एक चटपटीत, तरतरीत आवाज भराभर बोलू लागला.

"ही कोण?" कुशाबा म्हणाले.

"तीच, काका."

"हॅट्! हिच्या मागे कुत्रं लागलंय. आपली बाई कुठेय?"

"झिला," आबा ठामपणे म्हणाले, "आमका होई ती बाई लाव."

सुशांतने वेग परत निम्म्यावर आणला. निजलेली बाई सावकाश एक वाक्य बोलली आणि थांबली, आणि सगळ्या गॅलरीने तिला मनापासून साथ दिली.