अमेरिका सरांचा सल्ला

वर्ध्याच्या कडेला बोरगाव मेघेत जाऊन मधुकरराव ढगे कुठे राहतात असं विचारलंत, तर लोक डोकं खाजवतील. अमेरिका सर कुठे राहतात म्हणा, कुणीही दारापर्यंत आणून सोडेल. सर अमेरिकेला कधी गेले नाहीत. नागपूरच्या विमानतळावर एकदा गेले होते, तेही मेहुण्याला आणायला. पण बी.ए.च्या वर्गाला राज्यशास्त्र शिकवताना अमेरिकेचं संविधान आलं की त्यांच्या अंगात यायचं.

आता राज्यशास्त्र हा विषय आपल्याकडे कोण घेतं, ते सांगायला नको. बाकी सगळीकडून नकार आला की पोरं तिकडे वळतात. ढगे सरांना हे ठाऊक होतं आणि ते त्यांना नोकरीभर सलत राहिलं. गणिताच्या मास्तरला लोक वाटेत थांबवून पोराच्या शिकवणीबद्दल विचारायचे. सरांना कुणी कधी काही विचारलं नाही.

म्हणून की काय, ते वर्गात नाटक करायचे. एका पोराला अध्यक्ष करून खुर्चीत बसवायचे आणि हवी तेवढी ऐट करू द्यायचे. दुसऱ्याच्या हाती स्टाफरूमच्या कपाटाची चावी द्यायचे. हा काँग्रेस, आपल्याकडचा पक्ष नव्हे, तिकडची संसद. तिसरा न्यायाधीश. मग अध्यक्ष हुकूम सोडायचा, या देशाला मदत बंद, त्या देशावर चढाई, आणि चावीवाला जागचा हलायचा नाही. सर टेबलावर हात आपटून सांगायचे, "परराष्ट्र धोरणावर सही अध्यक्षाची, पण तिजोरी काँग्रेसची! एकदा कायद्यानं पैसा मंजूर झाला, की अध्यक्षाच्या बापालाही तो अडवता येत नाही."

एका वर्षी चावी नालवाडीच्या आचलकडे होती. अध्यक्षानं दम भरला, गयावया केली, शेवटी समोशाचं आमिष दाखवलं. पोरगी बधली नाही. सरांची ती तेव्हापासून लाडकी झाली. तिच्या घरीही त्यांचं जाणं-येणं होतं. बाप नव्हता. आई पंचफुलाबाई वाडीतली भाजी टोपलीत घालून बाजारात बसायची आणि त्यात तिच्या गुडघ्यांची पार वाट लागली होती.

शिक्षण झाल्यावर आचल एका संस्थेत लागली. काम क्षयरोग्यांच्या घरी जायचं. गोळ्या वेळेवर घेतात का बघायचं, मध्येच सोडल्या असतील तर समजूत घालायची, नाहीच ऐकलं तर रागवायचं. संस्थेला पैसा अमेरिकेच्या सरकारी मदतीतून यायचा. पोरीनं पहिल्या पगाराबरोबर आईची टोपली सोडवली. पंचफुलाबाई घरी बसून मजेत शेजारणींशी भांडायला मोकळ्या झाल्या.

मग दोन हजार पंचवीसचा जानेवारी उजाडला. तिकडे नवा अध्यक्ष गादीवर बसला आणि पहिल्याच दिवशी परदेशी मदत तपासणीसाठी थांबवण्याच्या हुकमावर सही करून मोकळा झाला. इकडे संस्थेच्या साहेबांनी सगळ्यांना सांगितलं, सध्या घरी बसा, कळवतो. नेमकं त्याच आठवड्यात हिंगणघाटच्या एका खाजगी दवाखान्यानं आचलला बोलावलं. रोग्यांशी बोलायचंच काम, पक्की नोकरी. फक्त येणार की नाही ते लगेच सांगायचं होतं.

आचल सरांकडे आली. सरांच्या बायकोनं, शोभाबाईंनी, चहा टाकला.

"सर, आमचं काम पुन्हा सुरू होईन का? थांबू का हिंगणघाटले जाऊ?"

काय सांगू तुम्हाला, सरांचा चेहरा उजळला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी त्यांच्या विषयातला प्रश्न परीक्षेसाठी नाही, जगण्यासाठी विचारला होता. ते ताठ बसले. मग अध्यक्षाचे अधिकार, दोन सभागृहं, समित्या, अंदाजपत्रक, न्यायालय, सगळं आलं. चहा गार झाला तरी सर गरमच.

"हा नुसता विराम आहे, पोरी. पैसा काँग्रेसनं मंजूर केला आहे. एका सहीनं तो बुडत नसतो."

"पक्कं न, सर? नाई म्हटलं त हिंगणघाटची हातची जाईन."

"मी शिकवलं ते विसरलीस?" सर हसून म्हणाले.

आचलनं हिंगणघाटला नाही म्हणून कळवलं.

मार्चमध्ये तिकडच्या सर्वोच्च न्यायालयाची बातमी आली आणि सर पेढे घेऊन नालवाडीला निघाले. शोभाबाईंनी दारातच अडवलं. "पेढे काऊन? लागली का तिची नोकरी?"

"लागेल. कोर्टानं चांगली चपराक दिली आहे."

"मंग लागल्यावर न्या न."

सर कसले ऐकतात! न्यायालयानं सांगितलं होतं ते एवढंच, की झालेल्या कामाचे पैसे अडवू नका. पुढच्या कामाबद्दल त्यात काही नव्हतं. बातमीत ते स्वच्छ छापलं होतं, सरांनी वाचलंही होतं. पण लग्नाच्या पत्रिकेत स्थळ-वेळ पाहून बाकीचं सोडून द्यावं, तसं त्यांनी ते सोडून दिलं. पेढे वाटून आले.

उन्हाळ्यात संस्थेनं वर्ध्याचं ऑफिस बंद केलं. पाटी उतरली, खुर्च्या कुणी कुणी नेल्या. तरी सरांचा धीर सुटला नव्हता. काँग्रेस गप्प बसणार नाही, म्हणायचे. स्वतःचा अधिकार कुणी असा पायदळी तुडवू देतं का?

जुलैत त्याचंही उत्तर आलं. पेपरात आतल्या पानावर चार बोटांची बातमी. परदेशी मदतीच्या मंजूर पैशातला मोठा हिस्सा परत घेऊ द्या, अशी मागणी अध्यक्षानं काँग्रेसकडे केली होती आणि दोन्ही सभागृहांनी बहुमतानं ती मान्य केली होती.

सरांनी बातमी दोनदा वाचली. कुणी चावी हिसकावली नव्हती. मागितली, आणि त्यांनी काढून दिली. अध्यक्षाचा त्यांना राग आला नाही. अध्यक्ष हात मारणारच, हे ते स्वतःच शिकवत आले होते. पण ज्यांच्या ताठ कण्याची त्यांनी आयुष्यभर ग्वाही दिली, त्यांनीच केसानं गळा कापला होता. फसवणूक, शुद्ध फसवणूक!

"अगं, त्यांनी आपल्या हातानं दिली!" ते ओरडले.

शोभाबाई स्वयंपाकघरातून आल्या. "काय दिलं? कोणं दिलं?"

"काँग्रेसनं! दगा दिला मला. एवढी वर्षं त्यांची वकिली केली मी, अन् शेवटी तोंडाला पानं पुसली."

शोभाबाईंनी पदराला हात पुसले आणि नवऱ्याकडे नीट पाहिलं. "तुम्हाले दगा? तुमचं काय गेलं?"

सरांना ते झोंबलं. चप्पल घालून ते तडक नालवाडीला गेले. घराला कुलूप होतं. शेजारीण म्हणाली, दोघी मायलेकी बाजारात गेल्या.

बाजारात भेंडी, कारली, चवळीच्या शेंगा पोत्यावर मांडून पंचफुलाबाई पुन्हा बसल्या होत्या. एक पाय लांब सोडून, कारण तो दुमडत नव्हता. आचल मागून भाजीचं पोतं ओढत आणत होती. सरांना पाहून म्हातारी रीत म्हणून उठायला गेली. पहिल्या झटक्यात उठता आलं नाही, दुसऱ्यातही नाही. मग तशीच बसून तिनं हात जोडले.

सरांनी ते पाहिलं, आणि तरी त्यांच्या तोंडून बाहेर पडलं ते हेच: "आचल, ऐकलंस का? दोन्ही सभागृहांनी मान्य केलं. असं होईल हे कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. कायदा तर स्वच्छ होता गं. फसवलं त्यांनी आपल्याला!"

आचलनं पोतं खाली ठेवलं. आवाज चढवला नाही. चढवला असता तर सरांना बरं वाटलं असतं.

"सर, त्यायले मी काई म्हणत नाई. आचल कोण, नालवाडी कुठं, त्यायले काय मालूम? त्यायनं मले कधी पाह्यलं नाई. पण तुम्हाले त मालूम होतं न? मायचे गुडघे तुम्ही पाह्यलेले. मी तुमच्या घरी आलती तेव्हा तुम्ही घंटाभर अमेरिकेचं सांगत बसले. तुह्या घरी कसं हाय, हे एकदा तरी विचारलं का?"

"आचल, सरले असं बोलतेत का वं?" पंचफुलाबाई पुटपुटल्या.

"बोलू दे न माय. मी माणसाले विचाराले गेलती, पुस्तकाले नाई."

कुणीतरी सरांच्या मागून हात लांबवून भेंडी निवडायला लागलं.

"बाजूले व्हा, सर," आचल म्हणाली. "गिऱ्हाईक उभं हाय."

सर बाजूला झाले.