चष्मा काढून वाचलेला झ

दिगू गेल्याचं त्याच्या मुलीने, मृण्मयीने, फोनवर सांगितलं तेव्हा मी आधी चष्मा काढला. डोळे पुसायला नव्हे... त्याच्या घरात पाऊल टाकलं की तेच करायची सवय जडली होती. त्याला आता दीड महिना होईल.

नाशिक रोडच्या एका शाळेत तो चित्रकला शिकवायचा, मी ग्रंथपाल. निवृत्तीनंतर मृण्मयीने त्याला कामाला लावलं. ती मोबाइलवरचे खेळ बनवते. जुन्या व्हिडिओ गेमसारखा, ठोकळ्याठोकळ्यांचा एक खेळ तिला मराठीत करायचा होता आणि तशी अक्षरं कुठे मिळेनात. दिगूने ग्राफची वही उघडली. पेन्सिलीने बारीक चौकोन काळे करत एकेक अक्षर उभं करायचं, आणि रुंदी सगळ्यांना सारखीच. "र बंगल्यात राहतो रे, भास्कर," तो म्हणायचा, "आणि झच्या खोलीत सहा माणसं."

अक्षर झालं की वही खिडकीला टेकवायची आणि मला दारापाशी, चष्म्याविना उभं करायचं, ही त्याची रीत. माझे डोळे अधू, म्हणूनच माझी निवड. मला वाचता आलं तर बरोबरची खूण, नाहीतर खोडरबर. 'ध' त्याने माझ्यापायी अकरा वेळा काढला आणि अकराही वेळा मला आंधळा म्हणाला.

आजार बळावला तेव्हा फक्त झ उरला होता. पलंगावर बसूनच त्याने तो काढला. वही मृण्मयीने खिडकीला लावली. मला नुसता काळा डाग दिसत होता...

"काय आहे?" दिगूने विचारलं.

"झ," मी म्हणालो. तेवढंच अक्षर राहिलंय, हे मला ठाऊक होतं.

तो माझ्याकडे पाहत राहिला. मग वही मागून घेऊन त्याने मिटली. आठवड्याभरात तो गेला. इतक्या वर्षांच्या मैत्रीत त्याने माझ्याकडे खरं बोलण्यापलीकडे काही मागितलं नव्हतं, आणि शेवटी तेवढंही मला जमलं नाही, हे सलत राहिलं.

गेल्या रविवारी मृण्मयीने वही पुढे ठेवली. झपाशी बरोबरची खूण नव्हती. बारीक अक्षरांत लिहिलं होतं, 'भास्करला रडू येत होतं. पुन्हा दाखवणे.' शेजारी नवी चौकट, तिच्यात त्याने काळे केलेले तीनच चौकोन. बाकीचे आता मृण्मयीने भरले होते.

तिने वही खिडकीला टेकवली. "काका, दाराशी जा. चष्मा काढा."

मी बराच वेळ पाहिलं.

"नाही," मी म्हणालो. "वाचता येत नाही."

ती किंचित हसली आणि खोडरबर शोधू लागली. ते खिडकीतच होतं, त्याने ठेवलं होतं तिथेच.