माझ्या हातचा हार

"हार सोड. मणी नळाखाली धुऊन आण. सुलभा ओवेल. तू बाजूला बसून फक्त सांग, कुठला मणी कुठं. हात लावू नकोस."

चित्रकलेच्या बाई हे इतक्या मायेनं बोलल्या, की मला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि कानशिलं तापली.

आठवीत होते मी. ऐंशी सालानंतरची गोष्ट. नव्या कॉलनीतली नवी शाळा. सगळी फ्लॅटमधली मुलं, आणि आम्ही रबाळ्याच्या झोपड्यांतली चार-दोन. माझा बाप महाप्याच्या डोंगरात खडी फोडायचा. त्या वर्षी बाईंनी दागिने करायला शिकवले. तांब्याची तार पकडीनं वळवून कड्या करायच्या, मधे मणी ओवायचे. ज्याचा हार सगळ्यांत चांगला, तो दसऱ्याला शाळेतल्या सरस्वतीच्या गळ्यात जाणार होता.

आमच्या घरात ना देव्हारा, ना मूर्ती. आम्ही बौद्ध. पण तो हार मला करायचाच होता. तार टोचून बोटांची चाळण झाली, तरी वळवत बसले. बाईंनी सगळ्यांचे हार टेबलावर मांडून घेतले. त्यातला माझा उचलून उजेडात धरला. याला म्हणतात काम, म्हणाल्या. कुणाचा म्हणून विचारलं. मी उभी राहिले. बाईंचा हात हळूच खाली आला.

तास संपल्यावर मला आणि शेजारच्या बाकावरच्या सुलभाला मागं ठेवून घेतलं, आणि वरचं ते बोलल्या. मूर्तीचं असतं गं, लोक नावं ठेवतात, असंही म्हणाल्या. लोक म्हणे! कुठले लोक? वर्गात तिघीच तर होतो.

मी हार सोडला. मणी धुतले. निळा, मग दोन पांढरे, मग कडी. मी सांगत गेले, सुलभा ओवत गेली. अर्धा हार झाला. माझाच हार माझ्या डोळ्यांदेखत दुसरीचा होत होता.

"पुढं काय?" सुलभानं विचारलं.

"सांगत न्हाई मी."

बाई उठून आल्या. विसरलीस का, म्हणाल्या. मी म्हटलं, सगळं आठवतंय, पण सांगणार नाही. त्यांनी मला उर्मट ठरवलं आणि दुसऱ्या दिवशी बापाला बोलावून घेतलं.

बाप खाडा करून, धुतलेला सदरा घालून आला. चपला दाराबाहेर काढल्या. काय झालंय ते ऐकायच्या आधीच हात जोडले. हार सोडायला लावल्याचं बाईंनी सांगितलंच नाही. पोरगी उलट बोलते, माफी मागितली नाही तर शाळेतून नाव काढायला लावीन, एवढंच.

"माग की माफी, पोरी," बाप म्हणाला. "शिकायचंय ना तुला?"

शिकायचं होतं. मरणाचं शिकायचं होतं.

"आबा, हात खाली घ्या. माफी ह्यांनी मागायची हाय."

त्यानं हात खाली घेतले नाहीत. नाव काही निघालं नाही, पण वर्षभर त्या तासाला मी वर्गाबाहेर उभी. माफी माग आणि आत ये, बाई दर वेळी म्हणायच्या. मी आत गेले नाही.

बाप आता नाही. ते जोडलेले हात मात्र माझ्या डोळ्यांपुढून हलत नाहीत. माझ्या घरातलं कुणी चूक नसताना कुणापुढं हात जोडणार नाही. आणि माझ्या कामावरून माझा हात पुसून ते काम न्यायला जो येईल, त्याला ते मिळणार नाही. अर्धंसुद्धा नाही.