खाटेवर शेवटचं कोण झोपलं?

मथुराताईंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या चक्क झोपलेल्या होत्या. भर दुपारी, कार्यालयाच्या ओसरीवर, रुग्णाच्या लोखंडी खाटेवर, तोंडावर पदर घेऊन. मी रनाळ्याच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेला माणूस. वर्गात डुलकी घेणाऱ्या मास्तराला मी कधी सोडलं नव्हतं, आणि इथे तर खुद्द संस्थेच्या व्यवस्थापक घोरताहेत! मला नुकतंच विश्वस्त करून घेतलं होतं. बाई कामाच्या वेळेत झोपतात अशी तक्रार अध्यक्षांकडे आली होती आणि चौकशीला मला धाडलं होतं. मी मुद्दाम मोठ्याने खाकरलो.

पदराआडूनच आवाज आला, “बठा ना सर. मी झोपेल नही, काम करी ऱ्हायनी.”

हद्द झाली, म्हटलं.

आमची संस्था लहान. ज्यांचं दुखणं आता बरं होणार नाही, अशांच्या घरी आमच्या परिचारिका जातात. वेदना कमी करतात, जखमा धुतात, आणि लागलीच तर उशाकडून वर उचलता येणारी खाट देतात. माणूस गेला की खाट परत येते आणि पुढच्या घरी जाते. आता मेलेल्या माणसाची खाट आपल्याकडे घरात कोण घेतो? खरं सांगतो, मीही घेतली नसती. म्हणून अध्यक्षांनी फर्मान काढलं होतं की परत आलेल्या खाटेला रंग द्यायचा आणि नवी आहे म्हणून सांगायचं.

अशीच एक ‘नवी’ खाट विसरवाडीला भटूभाऊच्या घरी गेली होती. हायवेला त्याचं पंक्चरचं दुकान, मागे घर. वडील भुईवर पडून, पाठ सोलून निघालेली. खाट दारातून आत घेताना भटूला दांडीखाली बांधलेला काळा दोरा दिसला. आधीच्या घरातल्या कुणा माउलीने नजर लागू नये म्हणून बांधलेला. “नवी खाटले दोरा कोन बांधस?” म्हणत त्याने खाट अंगणात काढली. ताई धावत गेल्या, हात जोडले, पण तो ऐकेना. म्हातारा शेवटपर्यंत भुईवर विव्हळत राहिला आणि खाट बाहेर उन्हात उभी.

हे मला सांगताना ताई खाटेवर उठून बसल्या होत्या. “बाप भुईवर गया ना सर. खाट नव्हती म्हनीसन नही. आम्ही खोटं बोलनूत म्हनीसन.”

तेव्हापासून त्यांनी रंगाचा डबा बंद केला. परत आलेली खाट स्वतः धुवायच्या आणि पुढच्या घरी जाण्याआधी एक दुपार तिच्यावर झोपायच्या. मग घरच्यांनी विचारलं, यावर शेवटचं कोण झोपलं, की ताई सांगायच्या, “मी. काल दुपारले मीच झोपेल व्हती. दखा, तुमना समोर उभी शे.” लोक हसायचे आणि खाट आत जायची. कुणी त्याच्या आधीचं विचारलंच, तर त्या आढेवेढे न घेता नाव सांगायच्या. सगळे घेत नसत. पण बरेच घेत.

बैठकीत अध्यक्ष तापले. “हे संस्थेला शोभतं का? रंग दिला असता तर काय बिघडलं असतं?”

“द्या ना रंग,” ताई शांतपणे म्हणाल्या. “पन मंग दारवर उभं ऱ्हाईसन खोटं सांगाले तुम्ही या. मरनारा मानूसले फसाडाले आपली संस्था काढेल नही.”

अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, बाई झोपत नव्हत्या, काम करत होत्या. विषय तिथेच मिटला.

पुढे कळलं की त्या पडल्या पडल्या बरंच काही ऐकायच्या. एकदा आतून एका रुग्णाच्या घरच्यांना फोनवर कुणीतरी म्हणालं, “बघतो, जमलं तर येतो.” ताई पदर सावरत आत आल्या. त्या दिवसापासून ‘बघतो’ हा शब्द आमच्याकडे बंद. येणार असाल तर येतो म्हणा, नाहीतर नाही म्हणा. “खाटवरथून संस्था निराळी दिसस, सर. खुर्चीवरथून निसते कागद दिसतस.” मी मान डोलवायचो, पण त्या खाटेवर कधी बसलोसुद्धा नाही. चुकून हात लागला तर घरी जाऊन आंघोळ करायचो.

मग त्यांनाच पोटाचा आजार निघाला. उपचारांसाठी सुरतेला दोनदा जाऊन आल्या आणि म्हणाल्या, आते बस. तापीकाठच्या त्यांच्या गावी आमचीच खाट गेली. मी भेटायला गेलो तेव्हा हाताची नुसती काडी झालेली. म्हणाल्या, “मी गयी का ही खाट घरमा ठेवू नका. कोनी तरी वाट देखी ऱ्हायना व्हई.” मग विचारलं, “सर, ओसरीवर आते कोन झोपी?”

मी खिडकीबाहेरच्या केळीच्या बागेकडे बघत बसलो. त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

ताई गेल्या. खाट परत आली. परिचारिका सुनीताने ती रडत रडत धुतली. तेवढ्यात विसरवाडीहून निरोप आला. भटूभाऊची आई, तीच गत, भुईवर पडून. आम्ही सगळे ओसरीवर खाटेभोवती उभे. कुणीतरी हळूच म्हणालं, “सर, या वेळेपुरता रंग देऊन टाकू या का?”

मी चपला काढल्या आणि खाटेवर आडवा झालो. धुऊनही दांडीला अजून ताईंच्या खोबरेल तेलाचा वास होता. तोंडावर उपरणं ओढून मी रडलो; मुख्याध्यापक असलो म्हणून काय झालं! आतून सुनीताचा आवाज ऐकू आला. ती फोनवर सांगत होती, “उद्या सकाळी आम्ही येतो.”

सकाळी भटूभाऊ दारातच उभा होता. केस पिकलेले, नजर संशयी. खाटेकडे बघत त्याने विचारलं, “हाई खाटवर शेवटला कोन झोपना?”

“मी. काल दुपारी.”

“आनि त्याना पहिले?”

नाव सांगायचंच होतं. “मथुराताई.”

“ताई गयी?”

मी मान हलवली. मागे हायवेवरून ट्रक जात होते. भटूने हात पॅंटला पुसले, खाटेची उशाकडची बाजू स्वतः धरली आणि आत ओरडून बायकोला म्हणाला, “गोधडी आथर व. मायले ताईनी खाट येल शे.”